कच्च्या माशाचं नवं

पहिल्याच दिवशी मी तिथे पोटभर जेवलो, आणि त्याचाच मला राग आला.

तिथे म्हणजे आम्स्टरडॅमला. मुलगी जर्मनीत नर्स आहे. तिला जूनमध्ये सुट्टी मिळाली, तिने मला विमानाने बोलावून घेतलं, थोडे दिवस तिच्या खोलीत बसवून ठेवलं आणि मग म्हणाली, बाबा, चल, आपण दोघं एक शहर बघून येऊ. म्हाताऱ्या माणसाने शहर बघून काय करायचं? पण पोरगी ऐकत नाही. आईवर गेली आहे.

गाडीतून उतरल्या उतरल्या तिने खायला घातलं. कागदाच्या सुरळीत तळलेले बटाटे, बोटाएवढे जाड, वर पांढरं दाट काहीतरी ओतलेलं. मी म्हटलं, बटाट्यावर दही कोण घालतं? म्हणाली, दही नाही, खा तू. खाल्ले. चांगले होते. सुरळीच्या तळाशी राहिलेले कुरकुरीत तुकडेसुद्धा बोट घालून काढले. मग एका ठिकाणी बसून धिरडं. धिरडं म्हणजे केवढं, ताटाबाहेर लोंबत होतं. आत सफरचंदाच्या चकत्या, वर काकवीसारखा पाक. मी अर्ध्यावर आलो तेव्हा मला कळलं की माझं तोंड चवीने हलतंय. बायको जाऊन अजून वर्ष झालं नाही, आणि मी परदेशात बसून बोटं चाटतोय. हात थांबला तो थांबला.

“काय झालं? गोड जास्त झालं?”

“नाही. चल.”

“अर्धं उरलंय की.”

“चल म्हटलं ना.”

मग चालत सुटलो. त्या गावात पाणीच पाणी. रस्ता, कालवा, पूल, पुन्हा रस्ता, पुन्हा कालवा. सायकलवाले अंगावर येतात, घंटी वाजवतात, थांबत कुणी नाही. मी पुढे, पोरगी मागे.

“बाबा, तुला जायचंय तरी कुठे?”

मला कुठे माहीत होतं? पाय थांबत नव्हते एवढंच. त्यात तिकडे जूनमध्ये दिवस बुडायला तयारच नसतो. जेवायची वेळ झाली तरी तिसऱ्या प्रहरासारखं ऊन. त्यानेही जीव वैतागला. आपल्याकडे दिवस बुडाला की घरी जायला निमित्त तरी मिळतं.

आता राग कशाचा ते सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा नुसताच तिरसट.

आमचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. भात, नागली, थोडी वरई. आमच्यात नवं केल्याशिवाय नवीन पीक तोंडात घालत नाहीत. भात झोडून घरात आला की पहिला शिजतो तो गेलेल्यांसाठी. चुलीपुढे पळसाचं पान मांडायचं, त्यावर नव्या भाताचा घास ठेवायचा, थोडी ताडी जमिनीवर सोडायची, आणि घरातले जेवढे गेले तेवढ्यांची नावं मोठ्याने घ्यायची. ज्याचं नाव घेतलं तो येतो, जेवतो. मग जित्यांनी जेवायचं. काकडीचंही तसंच, वालाच्या शेंगांचंही तसंच. पान मांडायचं ते बाईने, नावं घ्यायची ती घरातल्या मोठ्या पुरुषाने. आमच्या घरात पान बायको मांडायची, नावं मी घ्यायचो. आजा, आजी, बाप, आई, मोठा भाऊ, आणि आमचं पहिलं पोर, जे चालायला लागलं आणि गेलं.

ती गेली भादव्यात. भात तेव्हा शेतात उभा होता. कापणी झाली, झोडणी झाली, भात कणगीत पडला. आणि मी नवं केलं नाही.

का नाही केलं? कारण त्या नावांत तिचं नाव घ्यावं लागणार होतं. सगळ्यात शेवटी, कारण ती सगळ्यात शेवटी गेली. आम्ही दोघांनी एकमेकांचं नाव जन्मात कधी घेतलं नाही. मी “अगं” म्हणायचो, नाहीतर “ए”. पोरगी झाल्यावर पोरीच्या नावाने हाक मारायचो, दोघींतली जिला ऐकू जाईल ती यायची. आणि आता पहिल्यांदा नाव घ्यायचं ते तिला मेलेल्यांच्या रांगेत बसवायला? मला जमलं नाही. बस.

कणगी तशीच बंद ठेवली. रेशनच्या तांदळावर दिवस काढले. रेशनचा तांदूळ आपल्या मातीतला नाही, त्याला नवं लागत नाही, असं माझं मीच ठरवलं.

शेजारच्या घरात वहिनी राहते, माझ्या मोठ्या भावाची बायको. चूल तिची वेगळी, शेत आमचं एकत्र. तोंड तर माझ्या अंगणापर्यंत पोचतं.

“काय रे भावजी, तुझ्या कणगीत उंदरांनी नवं केलं. तू कधी करणार?”

“करीन.”

“ती उपाशी फिरतेय. नाव घेतल्याशिवाय तिला पानावर बसता येत नाही. दारात उभी आहे बिचारी.”

“तुला दिसली?”

“मला कशाला दिसेल? तुझं दार, तुला दिसायला पाहिजे.”

पेरणी जवळ आली तशी ती जास्तच मागे लागली. जुन्या पिकाचं नवं राहिलं आणि वर नवीन बी मातीत टाकलं, असं आपल्यात झालेलं नाही, म्हणाली. मी सांगितलं, मी चाललो जर्मनीला, पुतण्या बघेल पेरणीचं.

“पळ,” ती म्हणाली. “विमानात बसून पळ.”

पळालोच होतो. पाय उगाच थांबत नव्हते असं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगी चित्रांच्या संग्रहालयात घेऊन गेली. एवढी मोठी इमारत की डहाणूचं स्टेशन आत नेऊन ठेवलं तर एका कोपऱ्यात मावेल. भिंतभर पुरुष. काळे कपडे, गळ्याभोवती पांढरी चुण्यांची चकती, आणि सगळे आपल्याकडे बघताहेत, कचेरीत गेल्यावर टेबलामागचा माणूस बघतो तसे. मी भरभर पुढे.

“बाबा, इथे सावकाश बघायचं असतं.”

“मला सावकाश दिसत नाही.”

“मग निदान बस. तो बाक बघ.”

“बसायला एवढ्या लांब आलो?”

एका चित्रात ससा टांगलेला होता, मागच्या एका पायाने. तिथे मात्र थांबलो. केस असे काढलेले की फुंकर घातली तर हलतील. “हा सकाळीच मारलाय,” मी म्हणालो. “डोळा बघ, अजून ओला आहे.” पोरगी जवळ जाऊन बघायला लागली. खरंच होतं. कुणी काढला, कधी काढला मला माहीत नाही, पण त्या माणसाने ससा हातात घेतला होता हे नक्की. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एक तरी ओळखीचा भेटला.

पुढच्या खोलीत गेलो आणि पाय आपोआप थांबले.

भिंतीवर टेबलंच टेबलं. एकावर पांढरं फडकं, त्यावर मोडलेला पाव, अर्धं सोललेलं लिंबू, साल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतेय. ताटलीत मासा, मधून एक तुकडा काढलेला. काचेच्या पेल्यात थोडी दारू. दुसऱ्या चित्रात चीजचे मोठे गोळे एकावर एक, द्राक्षं, फोडून ठेवलेले अक्रोड. तिसऱ्यात कालवं शिंपल्यांत उघडून मांडलेली, पाणी सुटलेली. सगळं मांडलेलं, पहिला घास काढलेला, आणि जेवायला कुणी नाही. एकाही चित्रात माणूस नाही.

मला कळलं. हे ह्यांचं नवं होतं. ह्यांच्यातही गेलेल्यांना वाढतात. आणि वाढलेलं नासू नये म्हणून कुणीतरी ते रंगवून ठेवलंय. माणूस काढला नाही तो ह्याचसाठी, की जेवायला जे आलेत ते दिसत नाहीत.

मी बूट काढले, भिंतीशी नीट ठेवले. वाढलेल्या पानापुढे पायात घालून कुणी उभं राहतं का? खाली जमिनीवर बसलो, हात जोडले.

खोलीत राखणीला एक बाई होती, निळ्या कोटातली. ती आली आणि बुटांकडे बोट दाखवून काहीतरी बोलायला लागली. पोरगी धावत आली.

“बाबा! बूट कशाला काढलेस?”

“हळू बोल. जेवतायत.”

“कोण जेवतंय?”

“ह्यांचे.”

पोरीने माझ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, मग त्या बाईला काहीतरी सांगितलं. बाईचा चेहरा निवळला. तिने मला स्वतः दंडाला धरून उठवलं आणि बाकावर बसवलं. मागून मी विचारलं, काय सांगितलंस तिला? म्हणाली, “म्हटलं, म्हाताऱ्याचे पाय सुजलेत.”

मग तिने मला समजावलं. बाबा, हे तसलं नाही. त्या काळचे व्यापारी लोक घरात लावायला अशी चित्रं काढून घ्यायचे. आमच्याकडे काय काय येतं बघा, हे पाहुण्यांना दाखवायला. आणि चित्र काढणाऱ्याला हात दाखवायचा असायचा, काच कशी काढतो, लिंबाची साल कशी काढतो.

“मग जेवणारा का नाही काढला?”

“नाही काढला. असतात तशी चित्रं.”

“लिंबू अर्धं सोलून माणूस उठून जाईल कशाला?”

“मला नाही माहीत बाबा! बूट घाल आधी.”

चुकलो होतो. चुकलो तर चुकलो, त्याचं मला काही वाटलं नाही. पण खाली बसलो होतो तेवढ्या वेळात मला ह्या लोकांचा हेवा वाटला होता. ह्यांनी आपल्या माणसांना दिवे लावून, सगळ्या जगापुढे वाढलं, आणि मला माझ्या घरात, बंद दाराआड, एक पान मांडता आलं नाही. आता कळलं की ह्यांनीही मांडलं नव्हतं. मग मी पुन्हा एकटाच.

संध्याकाळी पोरगी म्हणाली, चल, आज तुला भात खाऊ घालते. इंडोनेशियातल्या लोकांचं हॉटेल होतं. मधे भात आणि भोवती लहान लहान वाट्या, मोजून दमावं एवढ्या. नारळातलं कालवण, शेंगदाण्याची चटणी, आणि एका वाटीत चक्क मिरचीत परतलेली बारीक सुकी मासळी. वासावरूनच ओळखलं. आमच्याकडे तलासरीच्या बाजारात धाकट्या डहाणूच्या बायका सुकट घेऊन बसतात. बायको मूठभर उचलायची, नाकाशी धरायची, तोंड वाकडं करून खाली ठेवायची आणि चालायला लागायची. पाठीमागून हाक आली की मगच वळायची. मी लांब उभा राहायचो. मला लाज वाटायची.

भाताला हात लावायच्या आधी मी म्हटलं, “त्या वाढणाऱ्या बाईला विचार, भात नवा की जुना.”

“काय?”

“यंदाचा की गेल्या सालचा.”

“बाबा, हॉटेलात असं कोण विचारतं?”

“तुझी आई विचारायची. खानावळीत विचारलं होतं तिने.”

“मग? मालक काय म्हणाला?”

“म्हणाला, जेवायचं तर जेवा नाहीतर उठा.”

पोरगी हसली, आणि तिने खरंच विचारलं. बाई आत जाऊन आली. पोरगी म्हणाली, “गोणीतला आहे म्हणते. गोणीवर साल नसतं.”

“म्हणजे रेशनचाच,” मी म्हटलं, आणि जेवलो. फार चांगलं जेवण होतं. ती सुकट तर मी दोनदा मागितली.

जेवता जेवता वहिनीचा फोन आला. पोरीने तो टेबलावर उभा केला. वहिनीला पलीकडे कोण बसलंय, काय चाललंय, ह्याच्याशी देणंघेणं नसतं.

“भावजी, रोपांसाठी राब भाजून तयार आहे. बी काढून ठेवलंय. ढग डोंगरावर आलेत. पोरगा रोज विचारतो, टाकू का? मी त्याला थांबवून धरलंय. किती दिवस धरू?”

“टाकायला सांग.”

“असं कसं टाकायला सांगू?”

पोरीने विचारलं, “काय थांबवलंय, मोठी आई?”

आणि वहिनीने सगळं सांगितलं. कणगी, रेशन, उंदीर, दार. एक गोष्ट सोडली नाही. पोरीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिने विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. फोन बंद झाला तेव्हा तिचा चमचा हातातच होता.

“म्हणजे दिवाळीपासून आईला काही घातलं नाहीस?”

“नाही.”

“मला स्वतःला हे पटतं की नाही, ते माझं मलाच कळत नाही, बाबा. मी रोज माणसं मरताना बघते. पण तुला पटतं ना? तुझा विश्वास आहे ना?”

“आहे.”

“मग तू तिला उपाशी ठेवलंस?”

मी उठून बाहेर आलो. कालव्याच्या कठड्याला धरून उभा राहिलो. तिथेही उभं राहवेना, तर पुलावरून पलीकडे गेलो, परत आलो, परत गेलो. पोरगी पैसे देऊन बाहेर आली आणि माझ्या बरोबरीने चालायला लागली.

सकाळी मी म्हटलं, मला त्या चित्रांकडे पुन्हा जायचंय. तिला नवल वाटलं. पण आली. मी सरळ त्या माशाच्या चित्रापुढे जाऊन बसलो, बूट घालूनच. निळ्या कोटातल्या बाईने मान हलवली, मीही हलवली. आता ते नुसतं टेबल होतं. मासा, लिंबू, काच. पण चांगलं काढलेलं. काचेत खिडकी दिसत होती, खिडकीच्या चौकटीसकट. ते काढायला त्या माणसाला कितीतरी दिवस लागले असतील. तोवर मासा नासला असेल, मग दुसरा आणला असेल. लिंबू वाळलं असेल, दुसरं सोललं असेल. रोज नवीन मांडायचं, रोज कुणी जेवायचं नाही. घरच्यांनी शिव्या घातल्या असतील. मला पहिल्यांदा त्या माणसाचा विचार आला, चित्राचा नाही. बराच वेळ बसलो. त्या गावात एका जागी तेवढाच बसलो.

बाहेर आलो तर पुलाजवळ माशाची टपरी. झेंडे लावलेले, माणसांची रांग, लग्नाला जमल्यासारखी. लोक उभ्या उभ्या कच्चा मासा खात होते, कांदा भुरभुरून. काही जण तर शेपटीला धरून, डोकं मागे टाकून, सरळ तोंडात. पोरगी जाऊन कागदाच्या दोन ताटल्या घेऊन आली.

“हा खाल्ल्याशिवाय इथून जायचं नसतं म्हणे. आजच आलाय. वर्षातून एकदाच येतो, लोक वाट बघत असतात. पाटीवर बघ काय लिहिलंय, नवा...”

ती तिथेच थांबली. मीही.

“नवा?”

“हो. नावच ते आहे त्याचं. नवा.”

“मग मी खात नाही.”

“बाबा, हा समुद्रातला मासा. तुझ्या शेतातला नाही.”

“काकडी तोडून खाल्लीस तेव्हा तुझ्या आईने मारलं होतं ना? काकडीसुद्धा शेतातली नव्हती. कुंपणावरची होती.”

“इथे चूल नाही, पळस नाही, ताडी नाही. खाऊन टाक ना. कोण बघतंय?”

“ती बघतेय.”

“मग घाल ना तिला!”

मोठ्याने ओरडली. रांगेतली माणसं वळली. तिचे दोन्ही हात ताटल्यांत अडकलेले, डोळे पुसायला हात नाही. “मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, बाबा. माझ्या हातून तिला पाण्याचा थेंब गेला नाही. आणि तू, घरात कणगी भरलेली असून...” 

मी तिच्या हातातली एक ताटली घेतली. काय करावं सुचेना, म्हणून पुलाच्या दगडी कठड्यावर ठेवली. तिने नाक पुसलं. मग पुढे होऊन ती ताटली सरळ केली, माशाचा एक तुकडा वेगळा काढला.

“पान मी मांडते,” ती म्हणाली. “नावं तू घे.”

आणि तुकड्यावरचा कांदा बाजूला सारायला लागली.

“तो का काढतेस?”

“आईला कच्चा कांदा चालायचा नाही.”

“कुणी सांगितलं? शेतात भाकरीबरोबर अख्खा खायची. तुझ्यासमोर नाही खायची, तू नाक मुरडायचीस म्हणून.”

तिने कांदा परत ठेवला. टपरीवरून बियरची बाटली आणली आणि थोडी दगडावर ओतली. मी घसा साफ केला. आजाचं नाव घेतलं, आजीचं घ्यायला तोंड उघडलं, आणि वरून एक पांढरा पक्षी आला, बदकाएवढा, आणि माझ्या डोळ्यांदेखत मासा घेऊन गेला. तुकडाही आणि उरलेलाही.

“अरे ए! अजून नावं घ्यायची आहेत!”

मी त्याच्यामागे धावलो. धावून काय उपयोग? तो पाण्यावर. मागे वळून बघतो तर पोरगी कठड्याला टेकून हसतेय, नाक वाहतंय, डोळे वाहताहेत आणि हसतेय.

“पणजोबा घेऊन गेला,” ती म्हणाली.

“माझा आजा असा नव्हता. तो विचारून घ्यायचा.”

मग तिने स्वतःची ताटली मांडली आणि पाखरू येऊ नये म्हणून दोन्ही हातांचा आडोसा धरला. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आजा, आजी, बाप, आई, भाऊ. पोराचं नाव घेतलं. तिथे अडलो. टपरीवाला हाका मारत होता, घंट्या वाजत होत्या, तो पक्षी कठड्यावरून चालत हळूहळू जवळ येत होता.  पोरगी हात तसेच धरून उभी राहिली.

मी नाव घेतलं.

इथे लिहीत नाही. जिभेवर आणायला इतकी वर्षं लागली, ते कागदावर आणायची मला घाई नाही. पण तिथे मोठ्याने घेतलं. तलासरी लांब आहे, तिला ऐकू जायला पाहिजे. रांगेतल्या दोघाचौघांनी मागे वळून बघितलं, कुणाला हाक मारली म्हणून. हाकच होती ती.

पोरीने आईचं नाव माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

“पुन्हा म्हण.”

“एकदाच घेतात.”

“पुन्हा म्हण ना, बाबा.”

“एकदाच.”

तो तुकडा आम्ही पाण्यात सोडला. उरलेला मासा दोघांनी वाटून खाल्ला. गार, मऊ, लोण्यासारखा, मागून थोडा खारट. कच्चं असून वास नाही. मला आवडला, आणि ह्या वेळी हात थांबला नाही.

“आईला आवडला असता?”

“थुंकली असती. मग तुला ओरडली असती.”

तिथूनच वहिनीला फोन लावला. म्हटलं, झालं.

“कशाचं केलंस?”

“माशाचं. कच्च्या.”

“अरे देवा! घरात भात पडलाय आणि हा कच्च्या माशाचं नवं करतो! भाताचं भातानेच करायला पाहिजे. आलास की ते कर आधी.” मग आवाज खाली आणून, “नाव घेतलंस?”

“घेतलं.”

“मोठ्याने?”

“सायकलवाले थांबले.”

 मग फोन तसाच धरून तिने अंगणातून हाक मारली, “अरे, टाक रे बी! तुझ्या काकाचं झालं!”

परत आल्यावर भाताचंही केलं. पान वहिनीने मांडलं, नावं मी घेतली, न अडता.

पण आता वेगळाच त्रास झालाय. ते नाव एकदा तोंडातून निघालं, ते परत आत जायला तयार नाही. बांधावरून चालताना निघतं, बैलाला पाणी दाखवताना निघतं. वहिनी कुंपणावरून ओरडते, “भावजी, बायकोचं नाव असं उठसूट घेतात का?” मी म्हणतो, “जितेपणी नाही घेतलं, आता घेऊ दे.” ती म्हणते, लोक काय म्हणतील. लोकांना म्हणू दे. पाय माझे अजून एका जागी ठरत नाहीत. भाताची आवणी चालू आहे म्हणून दिवस निघतात, एरवी घरातून अंगणात आणि अंगणातून घरात चालू असतं.

काल चुलीवर पेज ठेवली आणि मिठाचा डबा सापडेना. तिची ठेवायची जागा वेगळी, माझी वेगळी. मी नाव घेऊन हाक मारली, चांगली खणखणीत, मीठ कुठे ठेवलंस ग?

मग थोडा वेळ थांबलो. पेज उतू जायला लागली, तेव्हा उठलो आणि शोधलं. फळीवरच होतं.